शंभर बैठकांचा हिशेब

वराळे हे तळेगाव दाभाड्याच्या शेजारचं, इंद्रायणीकाठचं गाव. पावसाळ्यात इथल्या खाचरांत इंद्रायणी भाताची आवणी चालते. हे वाणही याच मावळ तालुक्यातलं, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेलं. एरवी या पट्ट्याचा दिवस तळेगाव एमआयडीसीच्या पाळ्यांवर आणि वराळे-आंबी भागातल्या कॉलेजांच्या तासांवर बेतलेला असतो. पाळी सुटली, कॉलेज सुटलं की तरुण मुलं जिममध्ये जमतात. अशा जिममध्ये, मग ती वराळ्याची असो, वडगावची असो की कामशेतची, एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "सर, आज किती बर्न झाल्या?" विचारणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ असतं, घड्याळात जळलेल्या कॅलरींचा आकडा असतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर घरी जाताना काय खायचं हे ठरतं.

वजनं उचलण्याच्या व्यायामात हा आकडा कुठून येतो, तो कितपत खरा असतो आणि तो पाहून जेवण ठरवावं का, हे नीट समजून घ्यायला हवं. त्यासाठी मावळ सोडून फार लांब जावं लागत नाही. माणसाच्या श्वासातला वायू मोजून व्यायामाबद्दलचे समज तपासायचं काम याच तालुक्यात, लोणावळ्यात, नव्वद वर्षांपूर्वी झालेलं आहे.

त्याआधी मूळ गोष्ट. शरीराने किती ऊर्जा वापरली हे थेट दिसत नाही, पण अन्न जाळायला शरीराला प्राणवायू लागतो आणि तो मोजता येतो. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की साधारण पाच किलोकॅलरी खर्च झाल्या असं धरतात. बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरी. या मोजमापाची सुरुवात फ्रान्समध्ये लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने केली आणि माणसावरच्या त्याच्या प्रयोगांत वजन उचलण्याचाही प्रयोग होता. १७९०च्या आसपास त्याचा सहकारी सेगँ तोंडावर मुखवटा बांधून बसला आणि पायाने पावडी दाबत पंधरा मिनिटं वजन वर चढवत राहिला. उपाशीपोटी, स्वस्थ बसलेला असताना त्याला तासाला सुमारे २४ लिटर प्राणवायू लागत होता. काम करताना हाच दर ६३ लिटरपर्यंत गेला. चार वर्षांनी राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. त्याची रीत मात्र टिकली. आजही प्रयोगशाळेत व्यायामाचा खर्च काढताना तोंडावर मुखवटा बांधून आत-बाहेर जाणारी हवाच तपासतात.

आता लोणावळा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३चा. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले. जोर-बैठका, मल्लखांब, लाठी या सगळ्या देशी व्यायामाचं शिक्षण त्यांनी तिथे घेतलं, योगाकडे वळले ते नंतर. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसन-प्राणायामाच्या वेळी शरीरात काय घडतं ते यंत्र लावून पाहायचं, क्ष-किरण काढायचे, दाब मोजायचे आणि निघालेले आकडे छापायचे, ही त्यांची पद्धत. १९३३ साली 'योगमीमांसे'त त्यांचा प्राणायामावरचा अभ्यास आला : प्राणायामात शरीर प्राणवायू किती घेतं आणि कार्बन डायऑक्साइड किती सोडतं. प्राणायाम केला की शरीरात प्राणवायूचा भरमसाट पुरवठा होतो, असं तेव्हा सर्रास सांगितलं जाई, आजही सांगतात. कुवलयानंदांनी मोजमापाच्या आधाराने हा समज नाकारला. प्राणायामाचा लाभ आहे, पण तो जादा प्राणवायूत शोधू नका, हे त्यांचं म्हणणं होतं.

मला या घटनेचं मोल फार वाटतं. ज्या माणसाने योगासाठी सारं आयुष्य दिलं, त्याने योगाच्या बाजूचा एक लोकप्रिय दावा स्वतःच मोजून बाद केला. आवडत्या गोष्टीबद्दलही फुगवलेला आकडा चालवून घ्यायचा नाही, ही शिस्त मावळच्या मातीत रुजलेली आहे. जिममधल्या कॅलरींना हीच शिस्त लावून पाहू.

सोप्या व्यायामापासून सुरुवात करू : बैठक. ६५ किलो वजनाचा माणूस खाली बसून उठतो तेव्हा पोटऱ्या आणि पावलं जवळपास जागेवरच राहतात. वर-खाली होतं ते उरलेलं सुमारे ५७ किलोचं शरीर, आणि तेही साधारण अर्धा मीटर. शाळेतल्या भौतिकशास्त्राने गुणाकार केला तर एका बैठकीचं काम सुमारे २८० ज्यूल भरतं. शंभर बैठकांचे २८ हजार ज्यूल. एका किलोकॅलरीत ४१८४ ज्यूल असतात, म्हणजे शंभर बैठकांचं निव्वळ यांत्रिक काम सात किलोकॅलरीही नाही. पण शरीर हे काटकसरी यंत्र नव्हे. ते शंभर खर्च करतं तेव्हा वीस-पंचवीस कामाला येतात, बाकी उष्णता होऊन घामावाटे निघून जातं. त्यामुळे प्रत्यक्ष खर्च चार-पाच पट, २७ ते ३३ किलोकॅलरी. खाली बसताना स्नायू शरीराला तोलून धरतात, त्याचीही थोडी भर घालावी लागते. शंभर बैठकांना ३५ ते ४० किलोकॅलरी हा हिशेब वाजवी आहे.

दुसऱ्या रस्त्यानेही ताळा करता येतो. व्यायामशास्त्रात 'मेट' नावाचं एकक आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, तासाला किलोमागे साधारण एक किलोकॅलरी. कोणत्या हालचालीला किती मेट याची मोठी यादी अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे वेळोवेळी सुधारली गेली. जोरकस बिनसाधनी कसरतीला २०११च्या यादीत आठ मेट दिले आहेत. शंभर बैठका पाच मिनिटांत झाल्या असं धरलं, तर ६५ किलोच्या माणसाला सुमारे ४३ किलोकॅलरी लागतात. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि जवळपास एकाच जागी पोचलो.

हे जमलं, कारण तालमीतली मेहनत सलग चालते. जोर आणि बैठका पठ्ठे एका लयीत, न थांबता काढतात. दम एका पातळीवर स्थिरावतो, नाडी आणि प्राणवायू एकमेकांच्या बरोबरीने चढतात. अशा व्यायामाचा खर्च मोजता येतो आणि अंदाजही बरा निघतो.

आता याउलट जिममधला डेडलिफ्ट घ्या, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं. १०० किलोचा बार, पाच रेपचे, म्हणजे पाच-पाच वेळा उचलण्याचे, पाच सेट. बार दर वेळी अर्धा मीटर वर गेला, तर २५ रेपचं यांत्रिक काम १२ हजार ज्यूलच्या थोडं वर, म्हणजे तीन किलोकॅलरी. शरीराची उधळपट्टी, स्वतःचं धड उचलणं, बार सावकाश खाली ठेवणं असं सगळं धरलं तरी हा आकडा २५-३० किलोकॅलरींच्या आसपास राहतो. पाठीतून घामाच्या धारा, हाताला फोड, तोंडाला कोरड, आणि खर्च एका पोळीपेक्षा कमी. यावर मुलांचा विश्वास बसत नाही, कारण शरीराला वाटणारे कष्ट आणि खर्च झालेली ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. वजनाचा एक सेट अर्ध्या मिनिटाचा. इतक्या थोड्या वेळात स्नायू मुख्यतः स्वतःच्या साठ्यातली ऊर्जा वापरतात. प्राणवायू मागाहून, विश्रांतीच्या दोन-तीन मिनिटांत, धापा टाकत भरून काढला जातो. तासाभराच्या व्यायामात बार प्रत्यक्ष हातात असतो तो वेळ एकत्र केला तर तो फारच थोडा भरतो.

घड्याळाची पंचाईत इथेच होते. ते प्राणवायू मोजत नाही. मनगटाच्या कातडीवर हिरवा प्रकाश टाकून ते नाडी मोजतं आणि नाडीवरून खर्चाचा अंदाज बांधतं. चालताना, धावताना नाडी आणि प्राणवायू यांची जोडी टिकते. जड वजनाखाली ती तुटते. आवळलेल्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या दबतात, माणूस श्वास रोखतो, रक्तदाब उसळतो आणि हृदय वेगाने धावू लागतं. प्राणवायूचा वापर मात्र त्या मानाने वाढत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला गेला. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस मारताना त्यांचा सरासरी कमाल दाब ३२० / २५० इतका निघाला. घड्याळाला यातली फक्त वेगवान नाडी दिसते आणि माणूस धावतोय असं समजून ते कॅलरी लिहीत जातं. शिवाय बार घट्ट धरला की मनगटातल्या रक्ताचा प्रवाह बदलतो, पट्टा सरकतो आणि नाडीही चुकते. (ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी या परिच्छेदातून एवढं तरी घ्यावं : वजन उचलताना श्वास रोखू नका, आणि जड वजनाआधी डॉक्टरांना विचारा.)

धावण्या-चालण्यात तरी घड्याळ बरोबर असतं का? स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं साठ स्वयंसेवकांवर तपासली. नाडी मोजण्यात सातपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली, हे कौतुकास्पदच. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती आणि सगळ्यांत वाईटाची ९३. आणि ही चाचणी चालणं, धावणं, सायकल अशा घड्याळाला सोयीच्या व्यायामांची होती. वजनं त्यात नव्हतीच.

मग मेटची यादी वापरावी का? तीही जपून. वजनाच्या व्यायामाला तिथे एकच आकडा नाही : आठ ते पंधरा रेपच्या साध्या सत्राला ३.५, जोरकस पॉवरलिफ्टिंग किंवा बॉडीबिल्डिंगला ६. ६५ किलोच्या माणसाचं पाऊण तासाचं सत्र पहिल्या हिशेबाने १७० किलोकॅलरीचं, दुसऱ्याने २९० किलोकॅलरीचं. यातल्या पन्नासेक तर तो घरी बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे जिममुळे जादा झालेला खर्च १२० ते २४०. लोणावळ्याच्या शेंगदाणा चिक्कीत १०० ग्रॅममागे सुमारे ५०० किलोकॅलरी असतात. घड्याळाने चारशे दाखवले म्हणून घरी जाताना अर्धं पाकीट संपवलं, तर त्या दिवशी वजन कमी करण्याचा हिशेब उलटाच फिरला.

मेटच्या पायातच आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या माणसांना जास्त लागू पडते. एक मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू, हे माप सुमारे ७० किलोच्या, चाळिशीच्या एका पुरुषावरून आलं. २००५ साली ७६९ माणसांचा विश्रांतीतला प्राणवायू प्रत्यक्ष मोजला गेला तेव्हा सरासरी २.६ निघाली. विश्रांतीतल्या खर्चाची आंतरराष्ट्रीय सूत्रंही भारतीयांना जास्त आकडा देतात, असं बंगळुरूच्या संशोधकांना आढळलं होतं आणि म्हणून आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने तो आकडा पाच टक्क्यांनी खाली आणून वापरला.

याचं कारण शोधायला गेलं की पुणं लागतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातल्या गावांमधल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा १९९३ पासून जो अभ्यास चालवला, त्यातून 'बारीक तरी चरबीयुक्त' भारतीय शरीराची कल्पना जगापुढे आली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. घड्याळात आपण उंची, वजन, वय भरतो. वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्या यंत्राला कळत नाही. युडकिन आणि याज्ञिक यांना ते एकच माणूस समजेल आणि दोघांना सारख्याच कॅलरी देईल.

इथे माझं मत स्पष्ट आहे. भारतीय माणसाला वजनाचा व्यायाम लागतो, तो याच फोटोमुळे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं, म्हणजे दहा कोटींहून जास्त माणसं. जेवल्यानंतर रक्तातली साखर साठवून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू कमी असतील तर ती साखर जाणार कुठे? जागतिक आरोग्य संघटना २०२०च्या मार्गदर्शनात सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. वजनं उचलायची ती यासाठी. त्या तासात किती जळल्या हा या व्यायामाचा उद्देशच नाही, आणि तोच आकडा समोर ठेवला की मुलं जड वजनं सोडून घाम काढणाऱ्या उड्यांकडे वळतात, कारण घड्याळ उड्यांना जास्त कॅलरी देतं.

दोन दावे जिममध्ये नेहमी ऐकू येतात, त्यांचाही निकाल लावू. पहिला, व्यायामानंतर दिवसभर कॅलरी जळत राहतात. जळतात, पण त्या व्यायामाच्या खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्के. दोनशेच्या सत्रामागे फार तर तीस. दुसरा, एक किलो स्नायू वाढला की बसल्या जागी रोज शंभर कॅलरी जळतात. प्रत्यक्षात किलोभर स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी वापरतो. चरबी त्याच्या एक तृतीयांश. हे आकडे छोटे आहेत म्हणून स्नायूंचं मोल कमी होत नाही. ते मोल साखरेत, हाडांत आणि म्हातारपणी जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठण्यात आहे.

सूर्यनमस्काराची गोष्टही सांगायला हवी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नेले आणि महाराष्ट्राच्या घराघरांत हा व्यायाम पोचला. त्याच्या कॅलरी नीट मोजल्या गेल्या आहेत. संरक्षण खात्याच्या दिल्लीच्या प्रयोगशाळेने २००४ साली लष्करातल्या २१ जवानांवर मोजलं : बारा स्थितींचं एक संथ आवर्तन ३ मिनिटं ४० सेकंदांचं, खर्च सुमारे १४ किलोकॅलरी, म्हणजे मिनिटाला ३.८. २०११ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमस्कारांत मुरलेल्या सहा भारतीय वंशाच्या तरुण-तरुणींनी अर्धा तास ते घातले, तेव्हा ६० किलोच्या माणसामागे खर्च २३० किलोकॅलरी निघाला. मिनिटाला साडेसातहून जास्त. व्यायामाचं नाव एकच, पण गती आणि पद्धत बदलल्यावर खर्च दुप्पट. नावाच्या यादीतून आकडा उचलणाऱ्या अ‍ॅपला हा फरक कसा कळणार?

तालमीतल्या वस्तादांना कॅलरी ठाऊक नव्हती, पण मोजणं ठाऊक होतं. जोर किती, बैठका किती, हौदातली माती किती वेळ खणली, लढती किती झाल्या, यांचा तोंडी हिशेब असे आणि दर महिन्याला तो चढता राहावा लागे. खुराकही मेहनतीला बांधलेला असे. दिवसाला हजार-दीड हजार बैठका, त्यावर जोर, त्यावर कुस्ती, अशा मेहनतीचा खर्च आपल्या मघाच्या हिशेबाने सहज हजार किलोकॅलरींच्या पुढे जातो. दूध, तूप, बदाम त्यात खपत. कुस्ती सुटल्यावर मेहनत थांबते आणि खुराक तसाच राहतो, तेव्हा काय होतं हे गावोगाव लोकांनी पाहिलं आहे. जिममधल्या पाऊण तासासाठी पैलवानाचा खुराक घेणं ही तीच चूक.

आणि वराळ्याच्या खाचरात दिवसभर वाकून आवणी करणाऱ्या बाईचं काय? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या स्त्रीची गरज बैठ्या कामाला १६६० किलोकॅलरी आणि जड कामाला २७२० दिली आहे. फरक हजाराहून जास्त. तिच्या मनगटावर घड्याळ नाही, तिला कुणी "किती बर्न झाल्या" विचारत नाही, आणि पुष्कळदा ताटात तेवढं पडतही नाही. कॅलरी मोजायचीच असेल, तर तिच्या ताटातली आधी मोजली जावी.

जिममधल्या मुला-मुलींनी काय करावं? एक साधी वही घ्या. दर सत्राला व्यायाम, वजन, सेट, रेप लिहा; आठवड्याला वजनांत किंवा रेपमध्ये थोडी चढ व्हायला हवी. पंधरवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीपाशी कमरेचा घेर आणि शरीराचं वजन लिहा. तीन-चार आठवड्यांनी वही उघडा. शरीराचं वजन वाढत असेल आणि घेरही वाढत असेल तर खाणं जास्त आहे. घेर उतरतोय आणि बारवरचं वजन चढतंय तर सगळं बरोबर चाललं आहे. खाण्याच्या मानाने तुमचा रोजचा खर्च किती याचं सगळ्यांत खरं उत्तर घेर आणि शरीराचं वजन या दोन आकड्यांतून निघतं, कारण ते तुमच्याच शरीराने दिलेलं असतं. घड्याळ ठेवायचं असेल तर पावलांसाठी, झोपेसाठी, चालतानाच्या नाडीसाठी जरूर ठेवा. आकडा हवाच असेल तर वजनाच्या पाऊण तासाला दीडशे धरा, आणि तेही ताटात भर घालण्यासाठी वापरू नका. प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की नव्या मुलाला पहिल्या दिवशी अ‍ॅप उतरवायला सांगण्याऐवजी त्याच्या हातात पेन आणि वही द्यावी.